टोरांटो किती लांब

२००३ सालची गोष्ट. वसईतल्या दवाखान्यात मी नंबरची वाट बघत होतो. डॉक्टरांच्या खोलीतून एक म्हातारं जोडपं बाहेर आलं आणि माझ्या शेजारच्या बाकावर बसलं.

"हेलन, डॉक्टर नाही म्हणाले ना? विषय संपला."

"टोरांटो किती लांब आहे हो?"

"साडेबारा हजार किलोमीटर. लंडनपर्यंत नऊ तास, तिथं चार तास थांबायचं, मग पुढं आठ तास."

"म्हणजे एकवीस. मी गुपचूप बसून राहीन."

"बसण्याचा प्रश्न नाही गं. विमानात तुझ्या फुप्फुसांना हवा पुरणार नाही. तू पोचणारच नाहीस, असं ते तोंडावर बोलले."

"आणि आपली जेसिंता? जावई म्हणाला, कॅन्सर सगळीकडे पसरलाय, आता पंधरा दिवसांचीही खात्री नाही."

"मग मीही जात नाही. तुला नंदाखालच्या घरी एकटी टाकून कसा जाऊ?"

"तुम्ही जायचं. आईबापांतलं एक तरी माणूस तिच्या उशाशी पाहिजे."

"तिनं विचारलं, आई कुठं आहे, तर?"

"सांगा, आईला व्हिसा मिळाला नाही."

"व्हिसा तर कधीच मिळालाय."

"तिला कुठं माहीत आहे? माझ्या छातीचं तिला कळू देऊ नका. जाताना पोरगी माझी काळजी सोबत घेऊन जाईल."

"मला खोटं बोलता येत नाही, हेलन."

"तिच्या तोंडाकडे बघू नका. हात धरा आणि सांगा."