बऱ्या झालेल्या पेशी

नाव व घरचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहून दिला आहे. वय एक्केचाळीस. धंदा: पेशींच्या प्रयोगशाळेत संशोधक. घरात मी आणि पती, तिसरे कोणी नाही.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, आमच्या प्रयोगशाळेतून पेशींचा एक फ्लास्क, म्हणजे पेशी वाढवायची चपटी बाटली, चोरीला गेल्याची तक्रार संस्थेच्या संचालकांनी दिली आहे. तो फ्लास्क माझ्या पतींनी नेला. ते शिंपी आहेत. फ्लास्कमध्ये आमच्या मुलीच्या, ती असताना घेतलेल्या पेशी होत्या. मुलगी दोन वर्षांपूर्वी वारली. तिला घरी खारू म्हणत.

खारूच्या आजाराचे मूळ एका जनुकात होते. जनुकाच्या दोन प्रती असतात. तिची एक प्रत बिघडलेली होती आणि ती पेशीत विष तयार करत होती. ती तेवढी बंद पाडायची, हे माझे काम. त्यासाठी निकेस नावाची एक कात्री असते, डोळ्यांना न दिसणारी. ती डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकच कापते. एकच चीर पडली तर पेशी ती आपली आपण सांधून टाकते. म्हणून अशा दोन कात्र्या जवळजवळ, समोरासमोरच्या धाग्यांवर लावतात. दोन्ही लागल्या तरच डीएनए तुटतो, सांधताना चुकतो आणि जनुक बंद पडते. दोन्ही धागे एकदम कापणारी कात्री नसते का, असे हवालदारांनी विचारले. असते. पण ती कधीकधी भलतीकडेच चालते. जोडीने तसे सहसा होत नाही. कोणाच्याही पेशी असत्या तरी मी जोडीच वापरली असती, पण इथे तर हात लावायचीच भीती वाटायची.

"पोरीला कापायला एक कात्री पुरत नाही का गं तुला?" असे पती एकदा म्हणाले. थट्टेनेच म्हणाले. त्या दिवशी आम्ही दोघेही जेवलो नाही.

गेल्या आठवड्यात एका फ्लास्कच्या तपासणीचा निकाल आला. बिघडलेली प्रत बंद, चांगली शाबूत, विषाचा मागमूस नाही. मी लगेच दुकानात फोन केला. "अहो, खारूच्या पेशी बऱ्या झाल्या!" पलीकडे शिलाई मशीन चालू होते ते थांबले.

पती मला न्यायला येतात, त्यामुळे त्यांना तिथे सगळे ओळखतात. त्यांना कोणी अडवले नाही, यात पहारेकऱ्याची चूक नाही. शुक्रवारी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना ते आत गेले. कॅमेऱ्यात दिसते त्याप्रमाणे त्यांनी हात स्पिरिटने पुसले, हातमोजे घातले, उबेच्या कपाटातून फ्लास्क काढला आणि दार नीट लावले. माझे बघून बघून शिकले असतील. सोबत त्यांनी कापूस भरलेली पिशवी शिवून आणली होती, खारूच्या फ्रॉकच्या कापडाची. फ्लास्क तिच्यात अगदी बरोबर बसतो. माप कधी घेतले, मला माहीत नाही.

मी घरी पोहोचले तेव्हा ते खारूच्या पलंगावर बसले होते. पिशवी सदऱ्याच्या आत, पोटाशी धरलेली. मी ओरडले, "वेड लागलंय का तुम्हाला? कपाटातली हवा लागते त्यांना. मरतील त्या!"

ते म्हणाले, "पेशी आहेत, कळतं मला. मी काही खुळा नाही. पण दवाखान्यात मी रोज विचारायचो, घरी कधी नेऊ? बरी झाली की न्या, म्हणायचे. आता झालीय ना बरी?"

फ्लास्क तेव्हाच परत नेला असता तर पेशी जगल्या असत्या. हे मला माहीत होते, पतींना नव्हते. मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने पिशवी मी मागून घेतली. शनिवार-रविवार आम्ही ती आळीपाळीने जवळ ठेवली. तेव्हा जी काही कारवाई व्हायची ती दोघांवर व्हावी. सगळे त्यांच्या एकट्याच्या माथी मारू नये.

जिवंत पेशी फ्लास्कच्या तळाला धरून असतात, मेल्या की सुटतात. रविवारी मी फ्लास्क खिडकीपाशी नेऊन पाहिला. आतले पेशींच्या खाद्याचे लाल पाणी जांभळे पडले होते आणि सगळे तरंगत होते.

"कशी आहे?" पतींनी विचारले.

"छान आहे," मी म्हटले. मग स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, रडले.

संस्थेच्या फ्रीझरमध्ये खारूच्या आणखी पेशी आहेत. त्या सगळ्या आजारी आहेत. बऱ्या झालेल्या एवढ्याच होत्या.

फ्लास्क पिशवीसह येथे जमा केला आहे. तो उबेत ठेवायचा की फ्रिजमध्ये, असे हवालदारांनी विचारले. कुठेही ठेवावा. पिशवी तेवढी परत मिळावी.

हा जबाब मला हळू आवाजात वाचून दाखवला. पती दाराबाहेर बाकावर बसले आहेत आणि पेशी मेल्याचे त्यांना अजून सांगितलेले नाही, म्हणून मीच तशी विनंती केली. लिहिले आहे ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.