तापलेल्या हेडरवर पानी

धारूरच्या डोंगराकडचे आमी. बाप खडी फोडायचा, आई त्याच खडीच्या पाट्या उचलायची. मी शाळा सोडून मांजरसुंब्याला आलो, एका ट्रक मिस्त्रीकडं लागलो अन् पयली पाच वर्सं नुसते सायलेंसर खोलले. आता चौकाच्या पुढं, ढाब्याला लागून माझं सोताचं गॅरेज हाय. काय सांगू तुमाला, गाडी न बघता मी सांगतो कुठून हवा मारतीय ते. किसन मिस्त्रीचं वेल्डिंग म्हनलं की डायवर लोक दुसरं विचारत नव्हते. नव्हते म्हनतोय मी, लिव्हा तसंच.

तर हा बापू. गेवराईकडचा, मोठ्या घरचा. त्याचा बाप आबा, गावाचं राजकारन ह्यांच्याच ओसरीवर ठरतं. बापूनं पेट्रोलवरची मोठी पिकअप आनली, चिखलातल्या शर्यतीला पळवायला, अन् तिच्यासाठी हेडर मागवला. हेडर म्हंजे कसं, इंजनातून धूर भाईर पडतो तिथं कंपनीचं ओतीव लोखंडाचं धूड असतंय, ते काढायचं अन् तिथं चार लांब नळ्या बसवायच्या, चारी पुढं जाऊन एकात मिळत्यात. धूर मोकळा निघतो, गाडी ताकद धरती, अन् आवाज असा की म्हशीनं दावं तोडावं. मी म्हनलं गाडी गॅरेजवर आना. तर न्हाई, आमच्या अंगनातच बसव, आबांच्या डोळ्यापुढं पायजे. मोठ्या मानसाला न्हाई म्हनायची आपल्याला सवय न्हाई, गेलो हत्यारं घिऊन. तिथंच चुकलं माझं.

तीन दिवस लागले. जुने नट गंजून एकजीव झालते, तेल सोडलं, मुरू दिलं, तरी एक स्टड, म्हंजे इंजनात रोवलेला बोल्ट, मोडलाच. आत राहिलेल्या थुटकावर नट वेल्ड केला अन् गरम हाय तवरच पाना लावून हळूहळू, हळूहळू फिरवून काढला, दुसरा कोनी असता तर इंजनाचं वाटोळं केलं असतं. बरं, हेडर तरी नीट बसावा का, तर एक नळी स्टेरिंगच्या दांडीला घासायली. ती कापली, जरा वळवून जोडली, वेल्ड मारलं, घासून साफ केलं. जेवन अंगनातच, ताट येगळं. ते जाऊ द्या, ते बोलाय बसलो तर तुमची वही पुरायची न्हाई.

तिसऱ्या दिशी दुपारी गाडी चालू केली. आवाज कसा, भरलेला, कुठं फुसफुस न्हाई. मलाच बरं वाटलं. पन बापूचे दोस्त जमलेले, त्यांनी रेस दिऊ दिऊ नळ्या लाल केल्या. मी म्हनतोय बंद करा, नवं काम हाय. कशीतरी बंद केली, तर आबा आले, हळद-कुंकू, नारळ अन् पान्याचा तांब्या घिऊन. नवी वस्तू बसली की नारळ फोडून तिच्यावर पानी सोडायचं, त्यांच्या घरची रीत. मी आडवा आलो. म्हनलं आबा, पूजा करा, पन अर्धा घंटा दम धरा, तापल्या नळीवर पानी पडलं तर ती तडकंल. आबा म्हनले, तुमच्या घरात नारळ फुटत न्हाई, तुला पूजेतलं काय कळतंय बे. खरंय, आमी बुद्धाची मानसं, आमच्यात न्हाई फुटत. मी म्हनलं, पूजेतलं न्हाई कळत, लोखंडातलं कळतंय. समदे हसले. आबांनी नारळ फोडला, पानी नळ्यांवर सोडलं, वरून तांब्या रिकामा केला. वाफ झाली अन् टन्न आवाज आला, एकदाच.

तडा कुठं गेला म्हनता? वेल्डाच्या शेजारून, कोऱ्या नळीत. वेल्ड जसंच्या तसं. मी बोट करून दावलं सगळ्यांला. आबा म्हनले, वेल्डिंग कच्चं हाय ह्याचं, अन् शुभकामात आडवा आला म्हनून हे झालं. आबांचा राग न्हाई तेवढा मला बापूचा हाय. त्यानं डोळ्यानं बघितलतं, त्याला समदं कळलतं, अन् तो मोबाईलमधी तोंड घालून हुबा राहिला.

दुसऱ्या दिशी ढाब्यावर बोभाटा, किसन मिस्त्रीचं काम फुटलं. माझ्या वळखीचे ट्रक माझ्यापुढून जायले अन् दुसऱ्याच्या दारात थांबायले. एक डायवर, वीस वर्सांची वळख, इचारतो, मिस्त्री, हाताला काय झालं तुमच्या? हाताला! काय जवाब देऊ मी त्याला? अन् का म्हनून देऊ? हात हाय तसेच हायत.

परवा बापू आला, हेडर पोत्यात घालून. आधी पुन्याला दावाय नेलता, तिथल्या मिस्त्रीनं त्याला सांगितलं, वेल्ड चांगलं हाय, नळी पान्यानं तडकलीय. आता मला म्हनतो, किसनराव, तेवढा तडा भरून द्या, तुमच्याकडं आलतो हे आबांला कळाया नको. जन्मात पयल्यांदा मला राव म्हनला. मी म्हनलं, फुकट भरतो. पन आधी माझ्यासंगं ढाब्यावर चल अन् चार डायवरांच्या देखत सांग, पानी आमी वतलं, मिस्त्री नको म्हनत व्हता. तर म्हनतो, आबांची इज्जत जाईल. मग माझी काय रस्त्यावर पडलीय का रं?

पोतं टाकून गेला. फोन करतोय, मी उचलीत न्हाई. त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो, माझं काई म्हननं न्हाई. मला वेल्ड माराय वीस मिनिटं लागत्यात, त्याला बोलाय पाच. आधी त्याची पाच.