पंतप्रधान, पण नाव न घेता

माईकसमोर मी घाबरत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. सावेडीच्या शाळेत मी इतिहास शिकवते, म्हणून परवा मिरजगावजवळच्या एका गावानं मला 'आपले पंतप्रधान' या विषयावर बोलायला बोलावलं. स्टेजवर चढणार तोच सरपंचांनी गाठलं.

"शेख मॅडम, कुनाचंच नाव घेऊ नका. डावीकडं बापूंची पार्टी बसलीय, उजवीकडं तात्यांची. मागं एका नावावरनं खुर्च्या उडाल्या हुत्या."

मी म्हटलं, "नाही घेत. तुम्ही निवांत बसा."

आणि सुरुवात केली. "एका पंतप्रधानांना इंग्रजांनी आपल्या नगरच्या किल्ल्यात कोंडलं होतं. तिथं बसून त्यांनी ग्रंथ लिहिला." डावीकडून लगेच नाव आलं.

"दुसऱ्यांनी धान्य कमी पडलं तेव्हा देशाला आठवड्यातून एक वेळ उपास करायला सांगितला, आणि लोकांनी तो केला." आता दोन्हीकडून नाव आलं.

"तिसऱ्यांची मातृभाषा तेलुगू, पण मराठी उत्तम यायचं." दोन्हीकडचे डोकं खाजवू लागले. मग मागून एका आजींनी अचूक सांगितलं.

"आणि एक पंतप्रधान कविता करायचे." तात्या उठेपर्यंत डावीकडून बापूच ओरडले, तेही नावाला 'जी' लावून.

तात्या तरातरा स्टेजपाशी आले. सरपंचांचा चेहरा पडला.

"मॅडम, ह्यो अन्याव हाय," तात्या म्हणाले. "पंतप्रधान आमचा, आन् नाव ह्यानं घ्यायचं? आता ह्यांचा एक इचारा, आमी सांगतो!"