भिंगावरची रेघ

रमा : ...मग मी उभी राहून एकदम जोरात सांगितलं, देशातली सगळ्यात मोठी दुर्बीण बनतेय! आरसा एका शहरात, चाकं दुसऱ्या शहरात, आणि ताऱ्याचा उजेड फोडून रंग दाखवणाऱ्या यंत्राचं भिंग कुठे? तर इंदूरला, माझ्या अप्पांकडे! पूरा क्लास चुप! आणि दुर्बीण बनवणारे साहेब माझं नाव सहायक म्हणून...

अप्पासाहेब : रमे, उजेडातून बाजूला हो.

रमा : का हो अप्पा?

अप्पासाहेब : रेघ आहे. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आनंदीबाई : अरे देवा! अकरा महिने घासत होतास रे दादा.

अप्पासाहेब : कडेला कुंकू आहे. काल खंडेनवमीला बजावलं होतं मी, हत्यारांना लावा, डब्याला लावा, भिंगाला हात नको. कुणी तरी लावलं, आणि वर कोरडं पुसलं. कुंकवातली कचकच फिरली काचेवरून.

रमा : पूजा तर... आत्यानेच मांडली होती ना.

आनंदीबाई : मांडली मी. रमे, तुझ्या ओढणीला लाल कसलं गं?

रमा : लोणचं आहे ते! तू पण ना आत्या, काहीही!

अप्पासाहेब : बस. उद्याच्या गाडीने साहेब येतायत. कुणी केलं ते सांगावं लागेल. सहायकाने केलं म्हटलं तर ते दुसरी काच देणार नाहीत. घरातल्या अडाणी बाईने केलं म्हटलं, तर देतीलही.

रमा : बिलकुल बरोबर! आत्याला कुठे काय समजतं त्यातलं.

आनंदीबाई : सांग बापडा माझं नाव. मला कुठे कुणाला तोंड दाखवायचंय?

अप्पासाहेब : नुसतं नाव सांगून भागायचं नाही. साहेब खोदून विचारतात, आणि तुला खोटं बोलता येत नाही. तू हातोदला जा, दिरांकडे.

आनंदीबाई : आज? दसऱ्याच्या दिवशी? दादा, तिथे मला गोठ्यात निजवत होते. तूच आणलंस ना तिथून, टांगा करून?

अप्पासाहेब : आणलं होतं.

आनंदीबाई : परत कधी येऊ?

अप्पासाहेब : काच आली की दुसरं भिंग घासायचं. ते पास झालं की बघू.

रमा : म्हणजे वर्षभर तरी! अप्पा, मग आत्याची खोली मला? माझं टेबल बसेल तिथे.

आनंदीबाई : दादा, एक विचारू? हे गेले त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून मी कुंकवाला बोट लावलेलं तू बघितलंस कधी?

अप्पासाहेब : नाही.

आनंदीबाई : मग?

अप्पासाहेब : साडेपाचची बस आहे. पिशवी भर.

रमा : आत्या, जायच्या आधी माझी ओढणी तेवढी धुऊन टाकशील? उद्या साहेबांसमोर तीच घालायचीय मला.