देव नाही म्हणायला उजवा कौल

...नाही, पण मला सांगा, अकरावीला कुठला विषय घ्यायचा हे ठरवायला माणूस कोणाकडे जातो? मास्तरांकडे जाईल, एखाद्या शिकलेल्या मामाकडे जाईल... आमच्या बाबांनी मला नेलंनी देवळात, कौल लावायला! आता तुम्ही रत्नागिरीकडचे असाल तर सांगायला नको, पण घाटावरच्यांसाठी सांगतो, गुरव देवाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आंबा कधी उतरवायचा, विहीर कुठे खणायची, आत्याचं लग्न जमवायचं की मोडायचं, आमच्याकडे सगळं त्या पाकळ्यांवर. तर भिकाजी गुरवाने विचारलंन, "म्हाराजा, हरिहरानं तत्त्वज्ञान घ्यावं काय?" टपकन उजवी. तत्त्वज्ञानच का? तर बाबांना नाव भारदस्त वाटलं. मला अर्थशास्त्र हवं होतं हो... पण देवाला विचारलं, मला नाही.

कॉलेजात पहिल्याच तासाला उल्का मॅडमनी फळ्यावर लिहिलंनी, 'ईश्वराचं अस्तित्व सिद्ध करता येतं काय?' म्हटलं, मॅडम, मला त्यानेच पाठवलाय. वर्ग हसला, मॅडम नाही हसल्या. बरं, विषय वाईट नव्हता, नीती म्हणजे काय, पाप कशाला म्हणायचं, सगळं पुस्तकात होतं, फक्त घरी आल्यावर त्यातलं काही बोलायची सोय नव्हती.

बारावीला वादविवाद स्पर्धा निघाली. जिंकेल तो मुंबईला, विद्यापीठात, तोही रेल्वेने. आता तुम्ही म्हणाल त्यात काय? अहो, दोन-तीन वर्षं ती कोकण रेल्वे आमच्या माळावरून धडधडत जात होती, आमच्या वाडीतल्या शेळ्यासुद्धा तिला ओळखायला लागल्या होत्या, आणि मी अजून एकदाही तिच्यात बसलो नव्हतो! म्हटलं, हरिहर, जिंकायचंच. मॅडमनी चिठ्ठ्या काढायला लावल्यानी. माझ्या चिठ्ठीत काय? 'ईश्वर नाही.' आणि 'ईश्वर आहे' कोणाला? आम्रपालीला. ही आमच्याच एसटीत खालच्या थांब्यावर चढायची, बौद्धांच्या घरची, घरी देव्हारा नाही की नवस नाही. मी म्हटलं, मॅडम, जरा उलटंपालटं झालंय, बदलून घेऊ काय? मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्याची बाजू मांडता येणं, त्यालाच तत्त्वज्ञान म्हणतात." झालं.

घरी सांगितलं तर आई जेवणावरून उठली. "मेल्या, शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा कुठल्या तोंडानं ओटी भरू? लोक म्हणतील, ही भरतेय ओटी आणि हिचा मुलगा तालुक्यात सांगून आलाय, देव नाही म्हणून!" बाबा म्हणाले, "कौल लावू."

तुम्हाला सांगतो, देव नाही असं म्हणू का, हे देवाला विचारायला आम्ही नारळ घेऊन गेलो! भिकाजीसुद्धा दोनदा अडखळला. "म्हाराजा... ह्यो पोर... म्हंजे, तू नाहीस, असं सभेत बोलनार हाय... तर बोलावं काय म्हाराजा?" आणि मागे चार जण, "व्हय म्हाराजा." मी मनात म्हणत होतो, डावा दे, डावा दे, म्हणजे मॅडमना बाजू बदलून द्यावीच लागेल. टपकन उजवी. बाबांची छाती अशी फुगली की दुसऱ्या दिवशी अख्ख्या एसटीला सांगितलंनी, आमच्या देवाचं मन बघा केवढं मोठं ते. देवाला विचारलं, मला नाही.

स्पर्धेत मी काय बोललो म्हणता! देव असता तर ऐन मोहोरावर तुडतुड्यांची कीड पडली असती काय? देव असता तर मिरकरवाडा बंदरातली होडी वादळात सापडली असती काय? टाळ्या. मला रेल्वेची खिडकी दिसायला लागली. मग आम्रपाली उठली. अगदी हळू म्हणाली, "हरिहर फार छान बोलले. मी एकच विचारते. देव नाही असं इथं बोलायची परवानगी तुम्ही कोणाकडून आणलीत?"

सभागृह जे हसायला लागलं... अर्धं आमच्याच एसटीने येणारं! परीक्षक डोळे पुसत होते. मी आपला खाली बसलो.

बाहेर तिला विचारलं, तू कोणाला विचारलंस गं? म्हणाली, "आमच्याकडे विचारायला देव नाही रे. म्हणून अभ्यास केला." आणि गेली मुंबईला, खिडकीत बसून. वाईट वाटलं हो, खरंच वाटलं. रडलो नाही, एवढंच.

तसाच तणतणत देवळात गेलो. म्हटलं, भिकाजी, उजवा कौल दिलान ना तुमच्या देवाने? मग मी हरलो कसा? भिकाजी तंबाखू मळत होता. मान वर न करता म्हणाला, "गाऱ्हानं काय घातलं व्हतं? पोरानं बोलावं काय. देवानं व्हय म्हटलान. जिकंल काय, ह्ये कुनी इचारलान?"

दोन वर्षं मी दुसऱ्याचे मुद्दे खोडायला शिकत होतो. हा काही खोडता येईना. पाया पडलो आणि घरी आलो.