घंटेवाल्याची एकतीस मतं

लिओनेल : बारा मतांनी पडलो मी, आंटी. फक्त बारा. आणि सिल्वेस्टर अंकलने खाल्ली किती? एकतीस.

सेसिलिया : मेलेला माणूस काय खाणार रे बाबा? जिवंत होता तेव्हासुद्धा दोन भाकऱ्यांवर तिसरी घेत नव्हता तो.

लिओनेल : चेष्टा नको. शुक्रवारी फ्रँकलिन सही करणार आहे. संस्थेचा अध्यक्ष म्हणून त्याची एक सही, की आपल्या गावठाणातलं क्रॉसचं मैदान बिल्डरच्या पार्किंगला गेलं. तुझ्या या खिडकीसमोर भिंत येईल भिंत.

सेसिलिया : ठाऊक आहे. म्हणून तर तुला चहा दिला, नाहीतर दारातूनच परत धाडला असता. नवऱ्याला जाऊन आठ दिवस झालेत माझ्या, आणि तू कागद घेऊन आलायस.

लिओनेल : एकच सही. निकोल, आजीला वाचून दाखव ना.

निकोल : मी वाचलाय, अंकल. ऐक, आजी. "माझे पती सिल्वेस्टर यांचे डोके शेवटचे काही महिने ठिकाणावर नव्हते. उमेदवारीच्या अर्जावर आपण कशाची सही करीत आहोत, हे त्यांना कळत नव्हते."

सेसिलिया : पुढे?

निकोल : पुढे तुझं नाव. आणि रिकामी लाइन.

लिओनेल : फॉर्मॅलिटी आहे ती. त्यांचा अर्ज बाद ठरला तर निवडणूक परत घ्यावी लागते, तसा नियमच आहे. परत घेतली तर मी आणि फ्रँकलिन, दोघंच समोरासमोर. मधे कोणी नाही.

सेसिलिया : डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणे. गेला त्या सोमवारी सकाळी मला सांगत होता, खालच्या आळीत कोण खोकतंय, कोणाच्या पायाला सूज आहे, कोणाचा मुलगा कधीपासून आला नाही. आळीतल्या सगळ्या घरांचं, एकेक करून. आणि त्या अर्जावर सही घ्यायला कोण आलं होतं रे याच खुर्चीवर?

लिओनेल : मी.

सेसिलिया : मोठ्याने बोल. निकोलला ऐकू दे.

लिओनेल : मीच उभं केलं त्यांना. झालं? फ्रँकलिनचे ते गॉडफादर, बाप्तिस्म्याला त्यांनीच धरलेला त्याला. मला वाटलं, वरच्या आळीतली सगळी मतं फ्रँकलिनची, त्यातली पंधरा-वीस गॉडफादरकडे वळतील. तेवढ्यात माझं काम होतं. मी काय जगावेगळं केलं? सगळीकडे करतात. एकाला पाडायला तिसरा उभा करतात.

निकोल : म्हणजे डमी.

लिओनेल : काट्याने काटा काढायला गेलो आणि तो माझ्याच पायात मोडला. वरच्या आळीतलं एक मत फुटलं नाही. फुटली ती खालच्या आळीतली. माझी.

निकोल : तुझी कशावरून?

लिओनेल : खालची आळी माझीच आहे. मी जन्मलो तिथे.

निकोल : जन्मलास तिथे, आणि राहतोस वर्तकनगरला, सातव्या मजल्यावर. अंकल, चर्चच्या हॉलमध्ये पेटी उघडली तेव्हा मतं मोजायला मी होते. मागच्या वेळचा कागदही बघितला मी. मागच्या वेळीही तू आणि फ्रँकलिनच होतात. फ्रँकलिनला तेव्हा एकशे बारा, तुला शंभर. या वेळी फ्रँकलिनला एकशे बारा, तुला शंभर.

लिओनेल : ते मला माहितेय.

निकोल : मग खाल्ली कोणाची? मागच्या वेळी आलेले दोनशे बारा, या वेळी दोनशे त्रेचाळीस. एकतीस माणसं नवीन आली. काठी टेकत, रिक्षातून, एक तर खुर्चीवर उचलून आणलेली. दहा-दहा वर्षं हॉलची पायरी न चढलेली माणसं.

लिओनेल : या वेळी मी वीस-पंचवीस मतं नवीन जोडली होती.

निकोल : जोडली होती की मोजली होती?

सेसिलिया : निकोल, मोठ्यांना असं बोलू नये. पण उत्तर दे रे तू तिला.

लिओनेल : मग सांगा ना मला, का आली ती माणसं? अंकल रविवारी या जगात नव्हते. सोमवारी गेले, मंगळवारी माती झाली. पत्रिका आधीच छापलेल्या, म्हणून नाव राहिलं. मेलेल्या माणसासाठी कोणी खुर्चीवर बसून मत द्यायला येतं का?

सेसिलिया : आता मुद्द्याला आलास. चाळीस वर्षं सिल्वेस्टरने काय केलं या गावात?

लिओनेल : खबर दिली. कोणी गेलं की घंटा घेऊन घरोघर फिरायचे.

सेसिलिया : कशी वाजवायचा?

लिओनेल : तीनदा. मग थांबून परत तीनदा. लहानपणी ऐकली की आम्ही खेळ थांबवायचो.

सेसिलिया : आणि दार उघडून माणसं काय करायची?

लिओनेल : तांदूळ द्यायची मूठभर. खबर देणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही. पाठवलं तर पुढची खबर आपल्याच घरची, असं आई म्हणायची.

सेसिलिया : बरोबर. आता सांग, सिल्वेस्टर गेला तेव्हा घंटा कोणी फिरवली?

लिओनेल : मी ग्रुपवर मेसेज टाकलेला, आंटी.

निकोल : पावणेसहाला. माती चारला झालेली. बघ, माझ्या फोनमध्ये आहे अजून.

लिओनेल : नेटवर्क नव्हतं.

निकोल : अंकल, प्लीज. मेसेज सकाळीच टाइप करून ठेवलेला तू. मी तुझ्या बाजूला उभी होते. मी म्हटलं टाक, तू म्हणालास टाकतो.

सेसिलिया : मी म्हटलं होतं तुला, माझे पाय चालत नाहीत, तू घंटा घेऊन जा, निदान आपल्या आळीत तरी. तू म्हणालास, आंटी, तू बस, मी सगळं बघतो. मी विश्वास ठेवला. चौदा माणसं होती रे कबरीवर. साऱ्या गावाला ज्याने मातीला बोलावलं, त्याच्या मातीला चौदा माणसं. फ्रँकलिनने खांदा दिला, तो मला विचारत होता, आंटी, लोक का नाही आले?

लिओनेल : मला वाटलं, कळलं तर कोण देईल मत? रविवारपर्यंत गप्प राहावं. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न होता. पण फ्रँकलिन मातीला आला, मग मेसेज टाकावाच लागला. मैदान वाचवायचं होतं मला. खरंच वाचवायचं होतं.

सेसिलिया : ते खोटं नाही म्हणत मी.

लिओनेल : मग त्या एकतीस जणांना वाटलं असेल की अंकल जिवंत आहेत. म्हणून दिली मतं. हेच लिहून घेतो मी त्यांच्याकडून. फसवणूक झाली असं.

सेसिलिया : त्यांना ठाऊक होतं.

लिओनेल : कसं? त्यांच्याकडे फोन नाहीत. ग्रुपवर नाहीत ती.

सेसिलिया : गुरुवारी दुपारी तीन वाजता शेवंती तांदूळ निवडत बसली होती, त्या पिंपळापलीकडच्या घरात. घंटा ऐकली, तीनदा, मग तीनदा. दार उघडलं तर सिल्वेस्टर. नेहमीसारखी टोपी काढून हातात घेतलेली. तिने विचारलं, कोण गेलं? तो म्हणाला, "सिल्वेस्टर गेला. माती झाली. कळवायला उशीर झाला, माफ करा."

लिओनेल : म्हातारी आहे ती. भास होतो या वयात.

सेसिलिया : असेल. ती आतून तांदूळ घेऊन आली, तर याने पिशवी पुढे केलीच नाही. मान हलवली आणि पुढच्या घराकडे गेला. खालच्या आळीत एक घर सोडलं नाही त्याने. शुक्रवारी सकाळी माझ्या अंगणात चपला मावेनात. उशीर झाला सेसिलिया, माफ कर, म्हणत सगळे रडायला आले. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

लिओनेल : कोणीतरी चावटपणा केला. घंटा घेऊन कोणीही फिरेल. निकोल, तू?

निकोल : मी नाही गेले, अंकल. आई शपथ. गुरुवारी मी दिवसभर खोपटला डेपोत होते, पासच्या लाइनमध्ये.

सेसिलिया : आणि घंटा इथे नाही. तो रिकामा खिळा दिसतोय ना? मी माझ्या हाताने ती शवपेटीत ठेवली, त्याच्या उजव्या हाताशी. वाटलं, एवढी वर्षं धरली, राहू दे त्याच्याकडे.

लिओनेल : आंटी, पंखा जरा कमी कर.

सेसिलिया : बंदच आहे तो. तर त्या लोकांच्या हातात तांदूळ तसेच राहिले. खबर घेतली आणि दिलं काहीच नाही, हे कसं चालेल? रविवारी कोणीतरी सांगितलं की सिल्वेस्टरचं नाव कागदावर आहे. गेले आणि तांदळाच्या जागी मत दिलं. त्यांना कोणाला पाडायचं नव्हतं, कोणाला आणायचंही नव्हतं. तुझी मतं कुठली ती? तू त्यांच्या दारात गेला होतास का एकदा तरी?

लिओनेल : बॅनर लावले होते.

सेसिलिया : तो वरच्या आळीत गेला नाही, कारण त्यांना ग्रुपवर उशिरा का होईना कळलं होतं. ज्यांना कोणीच सांगितलं नाही, त्यांच्याकडेच गेला. तुझ्याकडे नाही आला?

लिओनेल : माझ्याकडे कशाला येईल? मला माहीतच होतं. आणि टॉवर आहे तो. खाली वॉचमन असतो, नाव लिहून घेतो.

सेसिलिया : मी वॉचमनचं नाही विचारलं.

लिओनेल : आला.

निकोल : काय?

लिओनेल : गुरुवारी. चारच्या सुमाराला. हॅना बाजारात गेलेली, मी एकटाच. आमची बेल आहे इलेक्ट्रिक, ती नाही वाजली. ही हातातली. मी भोकातून बघितलं, बाहेर कोणी नव्हतं. आणि दाराच्या अगदी जवळ वाजत होती. मी टीव्हीचा आवाज मोठा केला.

सेसिलिया : उघडलं नाहीस.

लिओनेल : घाबरलो, आंटी. अजून घाबरतोय. शुक्रवारीही वाजली. काल परत.

सेसिलिया : मग त्याचं एक घर राहिलंय अजून. चाळीस वर्षांत त्याने घर अर्धवट सोडलं नाही कुठलं.

लिओनेल : मी काय करू? मैदान जाईल शुक्रवारी.

निकोल : नाही जाणार. नियम मीही वाचलेत. पन्नास सभासदांच्या सह्या असल्या तर स्पेशल मीटिंग घ्यावीच लागते, आणि तोपर्यंत फ्रँकलिन कशावर सही करू शकत नाही. एकतीस आहेत, मी विचारलंय त्यांना. उरलेले एकोणीस तुझ्या शंभरातून आण.

सेसिलिया : पण एकतीस जणांची एक अट आहे. सही घ्यायला तू यायचं. दारात उभं राहून आधी सांगायचं, सिल्वेस्टर गेला आणि मी तुम्हाला कळवलं नाही. मग कागद पुढे करायचा.

लिओनेल : पुढच्या वेळी मला एक मत नाही पडणार मग.

सेसिलिया : नाही पडणार. मैदान राहील.

(लिओनेलचा फोन वाजतो.)

लिओनेल : बोल, हॅना. सेसिलिया आंटीकडे आहे. स्पीकरवर आहेस.

हॅना : अरे, दारात कोणीतरी घंटा वाजवतंय. आपली बेल नाही, वेगळीच आहे. वॉचमनला विचारलं, तो म्हणतो लिफ्टने कोणी वर आलं नाही. उघडू का नको?

लिओनेल : नको. थांब जरा.

सेसिलिया : लिफ्टने नाहीच येणार तो. लिफ्टमध्ये जीव घुसमटायचा त्याचा. गुडघा धरून धरून जिना चढला असेल.

हॅना : लिओनेल? कोणाबद्दल बोलतायत आंटी?

लिओनेल : हॅना, तांदळाचा डबा कुठे ठेवतेस तू?

हॅना : ओट्याखाली. का?

लिओनेल : मूठभर घे, आणि दार उघड. कोणी दिसलं, नाही दिसलं, तरी म्हण, सिल्वेस्टर अंकल गेल्याचं आम्हाला कळलं. आणि लिओनेल आळीत सांगायला निघालाय, म्हण.

हॅना : हे काय चाललंय तुझं? बरं. उघडते.

सेसिलिया : हॅना, बाई, त्याला जरा बसायला दे. सात मजले चढून आलाय.