दारफळणीच्या आधी

मंडळी, आधी एवढं सांगा! चूक केली माणसाची आणि माफी मागितली देवाची, तर ती चूक फिटली का?

नाही ना? माना हलवणं सोपं आहे हो! ऐका.

मिसरातल्या गुलामीतून सुटलेल्या आपल्या इस्राएली वाडवडिलांनी सोन्याचं वासरू पुजलं. त्यांच्या पुढाऱ्यानं, मोशेनं, संतापून देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या! पण मग? पुन्हा डोंगर चढला, चाळीस दिवस विनवण्या केल्या. देवानं क्षमा केली, नव्या पाट्या दिल्या — तो हा दिवस! आपली दारफळणी! दार लावायचं, अन्नपाणी सोडायचं, क्षमा मागायची. — शिमोनभाऊ, आत्ताच काय घसा खाकरता? उपासाला अजून दोन दिवस आहेत!

तर चौलकडं एलोजी नावाचा तेली होता. माणूस देवभोळा, पण मनात काटा! घाण्याच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी, हसाजीशी भांडला. हसाजी दोन कोसांवर राहायला गेला. पुढं बाप अंथरुणाला खिळला — आणि एलोजीनं रागानं भावाला निरोपच धाडला नाही! कानावर पडताच हसाजी धावत आला, तेव्हा बापावर माती लोटून झाली होती. आला तसा गेला.

नऊ वर्षं! नऊ दारफळण्या एलोजीनं कडक पाळल्या. दहाव्या वर्षी, सण लागायच्या दुपारी, पांढरे कपडे घालून बसला. बायको दीनाबाई म्हणाली, "देवाला काय सांगणार?"

"चुकलो म्हणणार."

"देवाला ते ठाऊक आहे. भावोजींना सांगा!"

बायको ती! एका वाक्यात निकाल!

एलोजी निघाला. पोचला तेव्हा ऊन कलंडलेलं, हसाजी दाराची फळी ओढत होता.

"दादा... चुकलो."

हसाजीनं फळी सोडली. मग हळूच म्हणाला, "बा माझं नाव घेत होता का रे?"

काय सांगावं? खोटं बोलावं? एलोजी म्हणाला, "बानं तीनदा विचारलं, माझा हसू आला का? मी म्हणालो, येतोय... खोटंच!"

हसाजी ढसाढसा रडला, मंडळी! फळीला टेकून रडला. मग डोळे पुसले, भावाचं मनगट धरलं — "दिवस बुडतोय. दार लागल्यावर बाहेर पडू नये. आत ये!"

आणि दार लागलं. दोघं आत!

इकडं दीनाबाई? सांज झाली, नवरा परतला नाही — तिनं हसत दार लावून घेतलं!

मंडळी, उपास तुम्ही कराल, मला शंका नाही. पण कुणाच्या उंबऱ्यावर जायचं राहिलंय? ...आठवलं ना नाव? मग माझ्या तोंडाकडं काय बघता? उठा, अजून ऊन आहे!